टेक्नोसाठी हार्डवेअर सिंथवर लीड घडवताना: किकसमोर टिकेल असा आवाज कसा करायचा?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन ऑसिलेटरचा (मूळ लाट तयार करणारे भाग) मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारा, ॲनालॉग सिंथ आहे. सॉ, स्क्वेअर आणि ट्रँगल लाटा, २४ डेसिबलचा लो-पास फिल्टर (वरचा भाग कापणारा), दोन एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारे), एक एलएफओ (नॉब आपोआप हळू हलवणारी मंद लाट), १६ स्टेपचा सिक्वेन्सर (सुरांची रांग आपोआप वाजवणारा). ड्रम मशीन वेगळं आहे, ते मिडीवर (वाद्यांनी एकमेकांना संदेश देण्याची पद्धत) जोडलेलं. वेग १३० ते १३५ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) दरम्यान.

मला हवा तो लीड (सिंथचा पुढे राहणारा मुख्य आवाज) गाण्याच्या चालीसारखा नको. सात-आठ मिनिटं तोच वाजत राहावा, तरी ऐकणाऱ्याचं लक्ष सुटू नये, असा हवा. अडचण दोन ठिकाणी येते. दोन्ही ऑसिलेटर, थोडा डिट्यून (दोघांच्या सुरांत किंचित फरक), रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला भाग उठवणं), रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) असा आवाज एकटा ऐकताना जबरदस्त वाटतो, पण किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि हाय-हॅट (झांजा) सुरू केले की मागे जातो. लेव्हल वाढवली तर किकचा जोर जातो. दुसरं म्हणजे चार-आठ बारनंतर त्यात काही घडत नाही. मग सूर वाढवावेसे वाटतात, आणि सूर वाढले की पुन्हा चाल तयार होते.

तुम्ही पॅच कुठून सुरू करता, ते सविस्तर वाचायला आवडेल.

करवतलाट

आधी किक चालू करा आणि मगच पॅचला हात लावा. पॅच एकटा ऐकत बसलं की कान भरदारपणा शोधतो, आणि टेक्नोत ती जागा किकने आधीच घेतलेली असते. लीडला उरते ती साधारण २०० हर्ट्झच्या वरची जागा, त्यातही अगदी वरचा पट्टा हाय-हॅटचा.

माझी सुरुवात अशी: दुसरा ऑसिलेटर बंद, पहिल्यावर सॉ, कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) बराच खाली, रेझोनन्स अर्ध्याच्या आसपास, फिल्टर एन्व्हलपची मात्रा मध्यम, अटॅक (चढायला लागणारा वेळ) शून्य, सस्टेन (सूर धरलेला असताना टिकणारी पातळी) शून्य. सिक्वेन्सरवर एकच सूर, सोळाही स्टेपवर. आता फक्त फिल्टर एन्व्हलपचा डिके (चढल्यावर उतरायला लागणारा वेळ) फिरवा. दुसरं काही नाही. माझ्या मते टेक्नो लीडचं निम्मं काम या एका नॉबवर आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१३० बीपीएमला एक स्टेप सुमारे ११५ मिलिसेकंदांची होते (६०,००० भागिले १३०, पुन्हा भागिले ४). डिके ६०-७० च्या घरात ठेवला तर प्रत्येक सूर तुटक वाजतो, दोन सुरांमध्ये मोकळी जागा राहते आणि त्या जागेतून हाय-हॅट स्वच्छ ऐकू येतो. डिके स्टेपच्या लांबीइतका झाला की सूर एकमेकांना टेकू लागतात. २००-३०० वर गेला की फिल्टर मिटायच्या आतच पुढचा सूर येतो आणि सगळी रांग मिळून एकच सलग, धगधगणारा आवाज होतो. सूर तोच, कटऑफ तोच, तरी तीन वेगळी वाद्यं. नॉबवर मिलिसेकंद लिहिलेले नसतात, त्यामुळे हे आकडे डोक्यात ठेवा आणि हात कानाच्या सांगण्याने चालवा.

ताण वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण कटऑफ उघडतात. मी शक्यतो तो जागेवर ठेवतो आणि डिके उघडतो. कटऑफ उघडला की लीड हाय-हॅटच्या पट्ट्यात घुसतो. डिके उघडला की सुराची सुरुवातीची धार तीच राहते, फक्त सुरांमधली हवा कमी होत जाते. ऐकणाऱ्याला दाटी जाणवते, पण नेमकं काय बदललं ते पकडता येत नाही. ३२ बारमध्ये हा नॉब अगदी सावकाश न्या आणि ब्रेकनंतर एका झटक्यात परत आणा.

टीबी-३०३ या सिंथकडे बघा. रोलँडने तो १९८१ मध्ये बास गिटारच्या साथीची जागा भरायला काढला, तादाओ किकुमोतो यांनी रचना केली, १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. नंतर शिकागोत डीजे पिएर आणि त्याच्या साथीदारांनी त्याचे नॉब वाजत्या पॅटर्नवर फिरवले आणि १९८७ मध्ये ॲसिड ही संगीतशैली जगासमोर आली. त्यात ऑसिलेटर एकच आहे, सॉ किंवा स्क्वेअर. जीव आहे तो ॲक्सेंट (निवडक सुरांवरचा जोर) आणि स्लाइडमध्ये (एका सुरावरून पुढच्यावर सरकणं). ॲक्सेंट दिलेला सूर नुसता मोठा होत नाही. त्याचा डिके आखूड होतो आणि फिल्टरला वर ढकललं जातं. लागोपाठ ॲक्सेंट आले तर आधीचा विद्युतभार पूर्ण उतरायच्या आत पुढचा येतो, म्हणून प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर चढतो. तुमच्या सिंथवर हे जवळपास करता येईल: व्हेलॉसिटीला (सुराचा जोर सांगणारा आकडा) कटऑफ अधिक दिशेने जोडा आणि डिके उणे दिशेने.

गुंजारव

@करवतलाट, डिकेबद्दल पूर्ण सहमत. दुसरा ऑसिलेटर बंद ठेवण्याबद्दल नाही. तो कसा वापरायचा हे ठरवलं तर तोच लीडला ओळख देतो.

डिट्यूनचा त्रास का होतो ते आकड्यात बघू. दोन ऑसिलेटरमध्ये १० सेंट्सचा (१०० सेंट्स म्हणजे एक सेमीटोन, षड्ज ते कोमल रिषभ एवढं अंतर) फरक ठेवला तर ११० हर्ट्झच्या सुरावर दोघांच्या मूळ सुरांच्या कंप्रतेत सुमारे ०.६ हर्ट्झचं अंतर पडतं, म्हणजे दीड-पावणेदोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. ४४० हर्ट्झवर तेच अडीच हर्ट्झ होतात. १३० बीपीएमला एक बार १.८५ सेकंदांचा. म्हणजे खालच्या सुरावर हा फुगवटा जवळजवळ बारभर पसरतो, पण बारशी जुळत नाही. त्यामुळे एखाद्या बारमध्ये लीड किकच्या ठोक्यावर पातळ होतो, पुढच्यात जाड. लीड मागे जातो असं मंद्रसप्तक म्हणतात त्यात याचा मोठा वाटा असू शकतो.

डिट्यूनऐवजी दुसरा ऑसिलेटर सातव्या किंवा एकोणिसाव्या सेमीटोनवर नेऊन बघा, लेव्हल पहिल्याच्या एक तृतीयांश. किंवा ऑसिलेटर सिंक असेल तर तो लावा. सिंकमध्ये दुसऱ्या ऑसिलेटरची लाट पहिल्याच्या प्रत्येक फेरीला नव्याने सुरू होते, त्यामुळे ऐकू येणारा सूर पहिल्याचाच राहतो आणि दुसऱ्याचा पिच हलवला की फक्त नादाचा रंग बदलतो. दुसऱ्याच्या पिचला छोटा एन्व्हलप जोडा. जो आवाज येतो तो स्वरांच्या तोंडी उच्चारासारखा, ‘आ’ कडून ‘ए’ कडे सरकणारा असतो आणि किकच्या गर्दीत सहज वेगळा पडतो.

पल्स विड्थ (स्क्वेअर लाट फेरीचा किती भाग वर राहते ते) बदलता येत असेल तर तोही मार्ग. ५० टक्क्यांचा स्क्वेअर म्हणजे फक्त विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर). ३३ टक्क्यांच्या जवळ गेलं की दर तिसरा हार्मोनिक गळतो, २५ वर दर चौथा. एलएफओने विड्थ हळू हलवली की एकाच ऑसिलेटरमधून डिट्यूनसारखी हालचाल मिळते आणि तिचा वेग तुमच्या ताब्यात राहतो.

रात्रपाळी

डिस्टॉर्शनबद्दल (ड्राइव्ह वाढवून आवाज मुद्दाम फाडण्याबद्दल) कुणीतरी लिहा. फिल्टरच्या आधी की नंतर? माझ्या सिंथमध्ये आतलं ड्राइव्ह फिल्टरच्या आधी आहे, बाहेर पेडलही आहे. दोन्हींत फार फरक ऐकू येतो.

करवतलाट

फरक पडणारच. आधी ड्राइव्ह म्हणजे फिल्टरला खायला जास्त हार्मोनिक्स मिळतात, आणि शेवटी आकार फिल्टरच देतो, म्हणून कटऑफ खाली असेल तर आवाज जाड पण मऊ राहतो. नंतर ड्राइव्ह म्हणजे रेझोनन्सचं जे टोक वर आलंय तेच पेडलवर आदळतं. किंचाळणारा लीड हवा तर ही दुसरी रांग. रेझोनन्स थोडा फिरवला तरी आवाजाची जात बदलते.

एक गोष्ट मात्र पाळा: डिस्टॉर्शनमध्ये जाणारा आवाज एकसुरी ठेवा. दोन वेगळे सूर एकत्र डिस्टॉर्ट केले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे नवे सूर निर्माण होतात आणि वजाबाकीचे सूर खाली किकच्या पट्ट्यात येऊन बसतात. पंचमाचं अंतर खपून जातं, कारण वजाबाकीचा सूर बरोब्बर खालच्या सप्तकातला षड्ज येतो. पण तोही किकच्या जवळच पडतो, म्हणून पेडलच्या नंतर हाय-पास (खालचा भाग कापणारा फिल्टर) लावाच, १५० ते २०० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी.

याच कारणाने लॅडर प्रकारच्या फिल्टरचा एक गुण लीडसाठी फार कामाचा आहे. रेझोनन्स वाढवला की त्यात खालचा भाग आपोआप पातळ होतो. बासचा आवाज करताना लोक याची तक्रार करतात. लीडमध्ये मात्र किकसाठी जागा तिथेच मोकळी होते.

सोळापायऱ्या

तुमचं सगळं नादाबद्दल चाललंय. मंद्रसप्तकांचा दुसरा प्रश्न, काही घडत नाही हा, माझ्या मते सिक्वेन्सरमध्ये सुटतो.

सूर वाढवू नका. पॅटर्नच्या लांब्या वेगळ्या करा. सुरांची रांग ५ स्टेपची ठेवा, ड्रम १६ वर. दोघं पुन्हा एकत्र सुरू होतात ते ८० स्टेपनंतर, म्हणजे ५ बारांनी. तोपर्यंत तोच सूर दर वेळी किकच्या वेगळ्या बाजूला पडतो. सिंथवर व्हेलॉसिटीची किंवा मॉड्युलेशनची रांग वेगळ्या लांबीची ठेवता येत असेल तर आणखी चांगलं. सूर १६ चे, ॲक्सेंट ७ चे: ११२ स्टेप, ७ बार. कान पॅटर्न ओळखतो पण पुढचा ॲक्सेंट कुठे येणार ते सांगू शकत नाही. ड्रमची रचना मात्र चार आणि आठ बारांतच ठेवा, नाहीतर पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही.

सुरांची निवड: एक सूर पुरतो, तीन झाले की विचार करा. षड्ज आणि कोमल रिषभ एवढीच जोडी घेऊन बघा. अंतर एका सेमीटोनचं, ताण भरपूर, आणि चाल बनत नाही. त्यात एखादाच सूर एक सप्तक वर उडवा. शुद्ध गांधार टाळा, तो आला की कान गाणं ऐकू लागतो.

आणि रिकाम्या स्टेप. सोळापैकी सहा-सात रिकाम्या ठेवल्या की किकच्या ठोक्यांवर लीड नसतोच. मग लेव्हल वाढवायची गरज उरत नाही. १, ५, ९, १३ या स्टेप आधी काढून टाका आणि ऐका.

मंद्रसप्तक

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रयोग करतोय. १, ५, ९, १३ काढल्यावर लगेच फरक पडला, किक एकदम पुढे आली. ५ स्टेपच्या रांगेत मात्र ते जमत नाही, कारण रिकामी जागा सरकत राहते. तिथे काय करता? साइडचेन (किक वाजली की लीड आपोआप दबवणं)?

सोळापायऱ्या

साइडचेन चालेल, पण सौम्य. लीड किकला श्वास घेताना ऐकू येऊ नये, दोन-तीन डेसिबल खाली जाऊन लगेच परत यावा. त्याआधी दुसरा उपाय बघा: ५ स्टेपपैकी दोन रिकाम्या ठेवा. मग प्रत्येक किकवर सूर पडत नाही, आणि पडतो तेव्हा तो ठळक लागतो. तो धक्का मला हवा असतो.

गुंजारव

लांब्यांबद्दल जे लिहिलंय तेच एलएफओला लागू. एलएफओ टेम्पोशी बांधू नका. फार मंद, एक फेरी वीस-तीस सेकंदांची, आणि मात्रा एवढी कमी की चालू-बंद केल्यावरच कळावी. तो कटऑफला न देता रेझोनन्सला किंवा एन्व्हलपच्या मात्रेला द्या. एकच सूर तासभर धरला तरी तंबोरा कंटाळवाणा वाटत नाही, कारण जवारीमुळे आतले हार्मोनिक्स सतत हलत असतात. एकसुरी लीडमध्ये नेमकं हेच मिळवायचं आहे.

ज्यांच्याकडे एफएम सिंथ (एका लाटेने दुसरीची कंप्रता हलवून आवाज करणारा) आहे त्यांच्यासाठी थोडं. डेट्रॉइटच्या पहिल्या पिढीत यामाहाचे डीएक्स-१०० सारखे छोटे एफएम सिंथ खूप वापरले गेले. चार ऑपरेटर (लाट तयार करणारे भाग), फिल्टर नाही. फिल्टरचं काम तिथे मॉड्युलेटरची (दुसऱ्या ऑपरेटरला हलवणाऱ्या ऑपरेटरची) लेव्हल करते: ती वाढली की हार्मोनिक्स वाढतात, उतरली की आवाज साध्या साइनकडे परततो. म्हणून वर डिकेबद्दल जे आलं ते इथे मॉड्युलेटरच्या डिकेला लावायचं. दोघांच्या कंप्रतांचं गुणोत्तर १:१ म्हणजे सॉच्या जवळचा नाद. मॉड्युलेटर २ वर नेला की विषम हार्मोनिक्स, स्क्वेअरसारखा पोकळ. ३.५ किंवा १.४१ सारखं अपूर्णांकी गुणोत्तर घेतलं की धातूवर आघात केल्यासारखा आवाज. लीडसाठी मी दोन मॉड्युलेटर ठेवतो: पूर्णांकी गुणोत्तराचा लांब डिकेचा, आणि अपूर्णांकीचा अगदी आखूड, तीस-चाळीस मिलिसेकंदांचा. सुराची सुरुवात धातूची, शेपूट स्वच्छ. लहान स्पीकरवरही तो सूर हरवत नाही.

रात्रपाळी

हूव्हर नावाच्या त्या रेव्ह आवाजाबद्दल पण लिहाल का? तो मोनो सिंथवर जमेल का?

गुंजारव

मूळ आवाज रोलँडच्या अल्फा जुनो सिंथमधला, त्यातल्याच एका प्रीसेटचा (तयार आवाजाचा). १९९१ मध्ये जोई बेल्ट्रमने तो टेक्नोत आणला आणि नंतर रेव्ह आणि हार्डकोरमध्ये तो सगळीकडे पसरला. घटक असे: सॉ लाटेलाच पल्ससारखं कापून तिची विड्थ एलएफओने हलवलेली, खाली सब-ऑसिलेटर, वर जोरदार कोरस (आवाजाची किंचित हलती प्रत मिसळून तो रुंद करणं), आणि पिचला एन्व्हलप. मोनो सिंथवर पल्स विड्थ मॉड्युलेशन जलद ठेवा, दुसरा ऑसिलेटर एक सप्तक खाली स्क्वेअरवर, पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर सरकणं) चालू, आणि कोरस पेडलवरून. अल्फा जुनोची कापलेली सॉ हुबेहूब मिळणार नाही, पण स्वभाव मिळेल. आजच्या टेक्नोत तो पूर्ण न वाजवता एखाद्या स्टेपवर आखूड कापून ठेवला तर जास्त परिणाम करतो.

करवतलाट

कोरसचा विषय निघाला म्हणून: रुंद केलेला लीड एकदा मोनो करून ऐकाच. अनेक ठिकाणची साउंड सिस्टिम मोनोत चालते किंवा ऐकणारा एकाच स्पीकरजवळ उभा असतो. डाव्या-उजव्या बाजूंची फेज उलटी असेल तर मोनोत लीडचा बराचसा भाग नाहीसा होतो. मी मूळ आवाज मध्यभागी कोरडा ठेवतो आणि रुंदी फक्त डिलेला देतो. डिले तीन स्टेपचा, १३२ बीपीएमला सुमारे ३४१ मिलिसेकंद. परतणाऱ्या आवाजावर हाय-पास ५०० हर्ट्झच्या आसपास, लो-पास ४ किलोहर्ट्झच्या. रिव्हर्ब घ्यायचाच तर डिलेच्या मागे, थेट लीडवर नको.

मंद्रसप्तक

आत्तापर्यंत जमलं ते असं: एक ऑसिलेटर स्क्वेअरवर, दुसरा सिंकमध्ये, षड्ज आणि कोमल रिषभ, ५ स्टेपची रांग त्यातल्या दोन रिकाम्या, पेडल फिल्टरच्या नंतर, हाय-पास १८० ला. डिके हाताने. पहिल्यांदाच असं झालं की बराच वेळ एकच पॅटर्न चालू होता आणि मला सूर बदलावासा वाटला नाही.

आता दोन गोष्टी. वर उडवलेला सूर खालच्या सुरांच्या मानाने मंद, दबलेला लागतो. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी सॉफ्टवेअरमधून मिडीने कटऑफ हलवला तर रेझोनन्स जास्त असताना खरखर पायऱ्या ऐकू येतात. हाताने फिरवला तर येत नाहीत.

करवतलाट

पहिली गोष्ट की-ट्रॅकिंगची (सूर वर गेला की कटऑफही वर नेणं). कटऑफ एका जागी ठेवून सूर एक सप्तक वर गेला की फिल्टरच्या खाली मावणारे हार्मोनिक्स निम्मे होतात. ट्रॅकिंग अर्ध्यापर्यंत वाढवा. पूर्ण केलंत तर वरचा सूर फार तीक्ष्ण होईल, अर्ध्यावर तो खालच्यांच्या कुटुंबातला वाटतो. सिंथवर ट्रॅकिंग नसेल तर त्याच एका स्टेपची व्हेलॉसिटी वाढवा.

दुसरी: साधा मिडी कंट्रोलर संदेश ० ते १२७ एवढ्याच किमती पाठवतो. कटऑफचा अख्खा पल्ला १२८ पायऱ्यांत वाटला गेला की रेझोनन्सच्या टोकावर प्रत्येक पायरी ऐकू येते. सिंथ १४ बिटचे संदेश घेत असेल तर ते वापरा, मॅन्युअलमध्ये एनआरपीएनच्या तक्त्यात बघा. नाहीतर नॉब हातानेच फिरवा आणि फक्त ऑडिओ रेकॉर्ड करा. मी तेच करतो. दहा-पंधरा मिनिटांचा सलग टेक, सिक्वेन्सर चालू, एक हात डिकेवर, दुसरा रेझोनन्सवर. नंतर त्यातले चांगले ३२ बार निवडायचे. कोरडा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि पेडलचा वेगळ्या, म्हणजे डिले नंतर बदलता येतो.

सोळापायऱ्या

रेकॉर्ड करताना लेव्हल वर ताणू नका, टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी २४ बिटला भरपूर आहे. रेझोनन्स फिरवताना एखादं टोक अचानक खूप वर जातं आणि नेमका तोच टेक चांगला असतो.

रात्रपाळी

डिके उघडून ब्रेकनंतर झटक्यात बंद करायची युक्ती आज करून पाहिली, स्टेजवर वाजवतो त्याच सेटमध्ये. माझ्या सिंथवर ॲम्पचा (आवाजाच्या पातळीचा) आणि फिल्टरचा एन्व्हलप वेगळा आहे. ॲम्पचा डिके लांबच ठेवायचा ना?

करवतलाट

हो. ॲम्पचा लांब, किंवा सस्टेन पूर्ण आणि रिलीज (सूर सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) थोडासा. तो आखूड केलात तर फिल्टरचा डिके उघडूनही सूर तिथेच कापला जाईल. आणि सिक्वेन्सरची गेट लांबी (स्टेपचा किती भाग सूर धरला जातो ती) बघा. ती ५० टक्क्यांवर असेल तर रिलीजनंतरचा भाग ऐकूच येणार नाही. ९० च्या वर न्या.